बाबालाल मास्तरांचं तिसरं कडवं

आमच्या हायस्कूलचे बँडमास्तर, बाबालाल मास्तर, पुढाऱ्यांना कधी नावानं ओळखायचे नाहीत. सकाळी स्टाफरूममध्ये पेपर उघडला की म्हणायचे, "बाई, त्या पहिल्याच्या निम्म्यात थांबवलेल्या आमदारांचं तिकीट कापलं की वो." नाहीतर, "दुसऱ्याच्या तोंडाशी थांबवलेलं मंत्री परवा गारगोटीला येत्यात म्हणं." नव्यानं लागलेला एखादा शिक्षक आमच्या तोंडाकडं बघत बसायचा. आम्हाला मात्र कोण ते बरोबर कळायचं. एक तर 'सात ठोक्यांचे साहेब' होते. त्यांनी नंतर तीन पक्ष बदलले, पण मास्तरांच्या हिशेबी ते शेवटपर्यंत सात ठोक्यांचेच राहिले.

ही ओळख कशी पडली ते सांगते. आमची शाळा हमरस्त्याला लागून. संस्थेच्या अध्यक्षांना पुढाऱ्यांची भारी हौस. गावात कुणीही मोठा माणूस आला की त्याला शाळेत आणायचाच. पायाभरणी, संगणक कक्षाचं उद्घाटन, वृक्षारोपण, दोन वर्षांनी त्याच खड्ड्यात परत वृक्षारोपण. आणि पाहुणा आला की फाटकापाशी बँड उभा. मी त्या शाळेत सत्तावीस वर्षं भूगोल शिकवला. आवाज खणखणीत म्हणून पहिल्याच वर्षी माझ्या हातात माईक दिला तो रिटायर होईपर्यंत कुणी परत घेतला नाही. एकदा माईकवर 'मी पाहुण्यांना विनंती करतो' असं बोलून गेले. आम्ही कोल्हापूरच्या बायका घरात बोलतो तसंच. पुण्याचे पाहुणे हसले. हसले तर हसले, माझं काय जातंय.

मास्तरांनी पाहुण्यांच्या स्वागताची एक धून बांधली होती. कुठल्या गाण्याची नव्हे, त्यांची स्वतःची. तिची तीन कडवी. पहिलं जोरकस, ड्रमवर. ते गाडीचं दार उघडल्यापासून हार गळ्यात पडेपर्यंत. दुसरं चालायच्या लयीत, म्हणजे पाहुणा फाटकापासून स्टेजपर्यंत चालत जाईल तेवढं. आणि तिसऱ्यात, अगदी शेवटचा एक ठोका सोडला तर, सगळे ड्रम गप्प. नुसत्या बासऱ्या आणि एक ट्रम्पेट. "पावणं बसलं की त्येच्या कानात सांगायचं कडवं हाय त्ये," मास्तर म्हणायचे.

पण तिथवर गाडी जातीय कुठं. पाहुणा उतरला की त्याचा पीए घड्याळात बघायचा. मग पीए हेडसरांकडं बघायचा, हेडसर माझ्याकडं बघायचे आणि मी उजवा हात वर करायची. हात वर झाला की बँड बंद. ही रीत मास्तरांनीच घालून दिली होती. मी पहिल्यांदा माईकवरून "बँड थांबवा" म्हणाले होते, तेव्हा कार्यक्रम संपल्यावर आले आणि म्हणाले, "बाई, वराडू नका. पोरं बिचकत्यात. तुमी नुसता हात वर करा, मी बगतो." तेव्हापासून त्यांचा एक डोळा कायम माझ्या हातावर. हात दिसला की लगेच थांबवायचे असंही नाही. चालू ठोका पुरा करून, स्वच्छ थांबवायचे. मधेच तोडलेलं कुणाला कळायचंही नाही. कुणाला कुठं थांबवलं ते त्यांच्या डोक्यात पक्कं राहायचं, आणि तीच त्या पुढाऱ्याची ओळख.

सव्वीस वर्षं तो हात माझा होता. कुणाचा हुकूम ते सोडा, पण हात माझा.

त्यांचं एकच म्हणणं असायचं. "एकदा तरी कुणीतरी तिसरं हुईस्तवर उभं ऱ्हायला पायजे." मी म्हटलं, मग स्नेहसंमेलनात वाजवा की पुरं. कोण थांबवतंय तुम्हाला? त्यावर म्हणाले, "घरच्या माणसानं जेवाण चांगलं झालंय म्हटलं तर त्येला काय अर्थ हाय का बाई? पावण्यानं म्हटलं पायजे. पावण्यासाठी केलंय की त्ये." शिवाय दुसरी गोष्ट. दर वर्षी आठवीच्या पोरापोरींना ते तिसरं कडवं शिकवायचे, दोन-दोन महिने घासून घ्यायचे. ती पोरं दहावीला जायची, शाळा सोडायची, आणि तिसरं एकदाही पाहुण्यापुढं वाजवलेलं नसायचं. मास्तरांना ते लागायचं. तोंडानं म्हणायचे नाहीत, पण दहावीच्या निरोप समारंभाला ते कधी थांबायचे नाहीत, बँडच्या खोलीत जाऊन बसायचे.

माणूस उंचीनं लहान, अंगानं काटक. इस्त्रीचा पांढरा शर्ट, वरचं बटणसुद्धा लावलेलं, भर एप्रिलातसुद्धा. वरच्या ओठाच्या मधोमध ट्रम्पेटचा वळ पडलेला होता. वडिलांचा लग्नातला बँड होता, त्यात वयाच्या दहाव्या वर्षापासून वाजवलेलं. ओठ फुटू नयेत म्हणून थंडीत तूप लावायचे आणि पान-तंबाखूला जन्मात शिवले नाहीत. त्यांच्या तोंडून 'शाब्बास' असा शब्द मी ऐकला नाही. पोरानं चांगलं वाजवलं तर म्हणायचे, "चाललं." फारच चांगलं वाजवलं तर, "चाललं की रं." बास. तेवढ्यासाठी पोरं जीव टाकायची.

मी एकदा चिडून विचारलं होतं. कुठल्याशा राज्यमंत्र्यासाठी बँड साडेतीन तास फाटकात उभा होता आणि तो आला तो काचसुद्धा खाली न करता गेला. मी म्हटलं, "मास्तर, गाढवापुढं वाचली गीता. कशाला जीव काढताय यांच्यासाठी?" ते शांतपणे ड्रमचे पट्टे सैल करत होते. म्हणाले, "बाई, पुढारी हाय म्हणून बँड हाय. पुढारी यायचं बंद झालं तर अध्यक्ष ह्या खोलीत बेंच भरून ठेवतील. त्यो येतोय, म्हणून ह्या पोरांच्या हातात बिगुल हाय. त्येनं ऐकलं न्हाय म्हणून मी रुसलो, तर नुकसान कुणाचं?" भूगोलाच्या बाईला एवढं राजकारण कुठलं कळायला.

म्हणूनच कोण कुठं येणार ते मास्तर पेपरात रोज वाचायचे. शाळेच्या बाहेरही बँड न्यायचे. एका साखर कारखान्याच्या गळीत हंगामाला टेम्पोतून गेलो होतो. पाहुणे हेलिकॉप्टरनं आले. पंखा फिरतोय, धूळ उडतीय, स्वागताच्या बायकांचे पदर तोंडावर, पोरांच्या टोप्या उसाच्या ट्रॉल्यांकडं चाललेल्या, आणि हे वाजवतायत. काही ऐकू येत नव्हतं. मी हात वरच केला नाही, कशाला करू, आवाजच नाही तर; पहिल्यातच मास्तरांनी आपणहून बँड थांबवला. परत येताना टेम्पोत विचारलं, "यांना कुठं धरायचं मास्तर?" म्हणाले, "ह्येनला धरत न्हाय. हेलिकॉप्टरनं थांबवलं."

आजऱ्याच्या कार्यक्रमात मात्र एक आमदार हार घालून घेताना कुणाशी तरी बोलत राहिले आणि दुसरं कडवं संपायच्या बेतात आलं. पीए माझ्याकडं बघत होता, मी जरा माईकची वायर सोडवल्यासारखं केलं. दुसरं पुरं झालं आणि मग मी हात वर केला. संयोजकांनी बँडवाल्यांना काजूची पाकिटं वाटली होती. मास्तरांनी आपलं पाकीट आणून माझ्या पर्समध्ये टाकलं. "दुसरं पुरं झालं आज," एवढंच म्हणाले. तिसऱ्याच्या इतक्या जवळ ते त्याआधी कधी आले नव्हते.

आता 'बास'ची एक गोष्ट. ती कुणाला सांगितली तर खरी वाटत नाही, पण मी माईकजवळ उभी होते. मोठ्या ड्रमला मास्तर 'बास' म्हणायचे. इंग्रजी शब्द त्यांच्या वडिलांच्या बँडमधून असाच आलेला. तालमीत मोठा ड्रम हळू पडला की ओरडायचे, "बास! बास!" म्हणजे जोरात हाण. त्या वर्षी मोठा ड्रम सुप्रिया नावाच्या मुलीकडं होता. घरी सहा म्हशी, पहाटे धारा काढून शाळेत यायची. हातात ही ताकद. पाहुणे आले, पहिलं कडवं सुरू झालं. माझ्याकडं बघण्याइतका धीर पीएला नव्हता, तो थेट बँडपाशी गेला आणि हात हलवून म्हणाला, "बास, बास!"

सुप्रियानं हाणला. तो म्हणाला, "अगं बास!" तिनं आणखी हाणला. "बास म्हणतोय ना!" तो किंचाळला. पोरीला वाटलं, एवढा मोठा माणूस एवढ्या तळमळीनं सांगतोय म्हणजे आपलंच कमी पडतंय. तिनं दोन्ही हातांनी असा काही हाणला की फाटकावरची कबुतरं उठली आणि साहेबांनी हार घालायला आलेल्या सरपंचांचा खांदा धरला.

हेडसरांनी मास्तरांना लेखी खुलासा मागितला. मास्तरांनी माझ्याकडून कागद घेतला आणि एका ओळीत लिहून दिलं : 'विद्यार्थिनीने आदेशाचे पालन केले आहे.' खाली सही. हेडसरांनी तो कागद मला दाखवला, म्हणाले, "काय करायचं बाई ह्या माणसाचं?" मी म्हटलं, फाईलला लावा. आणि सुप्रियाला मास्तर काय म्हणाले असतील? "चाललं की गं."

सात ठोक्यांचे साहेब वारले तेव्हाचं मात्र मी विसरत नाही. आमच्या शाळेवर त्यांचा लोभ होता, निदान भाषणात ते तसं म्हणायचे. पाच-सहा वेळा आले. पण यायचे ते घाईत. उतरतानाच त्यांचा स्वतःचा हात वर. सात ठोके झाले की बंद. दरवेळी सातच, मास्तरांनी मोजून ठेवलेलं. ते गेल्यावर शाळेत शोकसभा ठेवली. अध्यक्ष म्हणाले, बँडवर काहीतरी गंभीर वाजवा. मास्तर म्हणाले, "आमच्याकडं शोकाचं काय न्हाय. स्वागताचंच हाय." अध्यक्ष म्हणाले, काहीही वाजवा, पण हळू.

सभा सुरू झाली. फोटोला हार घातला. मास्तरांनी पोरांना खूण केली. पहिल्या कडव्याचे ठोके, पण एकेक सुटा, अगदी हळू. मधे एवढी शांतता की मैदानावरच्या पोरांच्या नळाचं पाणी ऐकू यावं. एक, दोन, तीन. सातवा पडला आणि मास्तरांनी हात खाली घेतला. सगळे वाट बघत राहिले. पुढं काही नाही. साहेबांची मुलगी पहिल्या रांगेत होती, तिचा बांध फुटला. लोक नंतर म्हणाले, काय शोकधून होती, अंगावर काटा आला. मी बँडच्या खोलीत जाऊन विचारलं, "मास्तर, हे काय केलंत?" ते म्हणाले, "जेवढं त्येनी ऐकलं तेवढंच वाजवलं. जास्त वाजवलं तर खोटं हुईल की." त्यात आदर होता की टोमणा, हे मला आजही सांगता येणार नाही. मला वाटतं त्यांनाही सांगता आलं नसतं.

त्याच्या पुढच्या वर्षी माझे मिस्टर गेले. तेराव्यानंतर मी शाळेत हजर झाले आणि त्याच आठवड्यात माईकवर उभी होते. लोक म्हणाले, बाई खंबीर आहेत. खंबीर कसली. मला काहीच होत नव्हतं. रडू येत नव्हतं, भूक लागत नव्हती, वर्गात पोरं काय बोलतात ते ऐकू यायचं पण आत जायचं नाही. बँडची तालीम मैदानाच्या कडेला चालायची, ती सुरू झाली की मी वर्गाच्या खिडक्या लावून घ्यायची. आधीही लावायचीच, पण तेव्हा पोरांचं लक्ष जातं म्हणून. आता सवय म्हणून. मास्तर घरी भेटायला आले होते. अर्धा तास बसले, चहा घेतला. जाताना चपला घालत म्हणाले, "चालत ऱ्हावा बाई." मी बरं म्हटलं. पुढची कितीतरी वर्षं मी तशीच चालत राहिले. हात वर करायची वेळ आली की हात वर जायचा. त्याला विचार लागत नव्हता.

मग बँडचे दिवस फिरले. आधीचे अध्यक्ष थकले, त्यांचा मुलगा आला. त्याला बँड म्हणजे जुनाट वाटायचं. कार्यक्रमाला डॉल्बी यायला लागली. ह्या एवढ्या भिंतीएवढ्या पेट्या, आणि एक माणूस मोबाईल घेऊन खुर्चीत. चाळीस पोरांचा बँड वीसवर आला. नवे हेडसर म्हणाले, मास्तर रिटायर झाले की ही जागा भरायची नाही. हे त्यांनी मास्तरांसमोरच सांगितलं. मास्तर म्हणाले, "बरं." मला राग यायला हवा होता. आला नाही. मी वह्या तपासत बसले.

मास्तरांचे शेवटचे दोन महिने राहिले होते तेव्हा शाळेच्या नव्या इमारतीचं उद्घाटन निघालं. मोठे मंत्री येणार. म्हणजे बँडसाठी हा शेवटचाच पाहुणा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मास्तरांनी तीन आठवडे तालीम घेतली. मला येऊन म्हणाले, "बाई, येवढ्या खेपेला जरा बगा." मी म्हटलं, "बघते मास्तर, पण पीएचं मी काय करू?" "व्हय, त्येबी हायच," म्हणाले.

झालं असं. शाळेसमोरचा रस्ता गटारासाठी उकरून ठेवला होता. मंत्र्यांची गाडी ऐनवेळी मागच्या गल्लीतून वळवली. बँड पुढच्या फाटकात सज्ज, आणि मंत्री मागच्या दारानं येऊन स्टेजवर बसलेसुद्धा. ना गाडीचं दार, ना चालणं. म्हणजे पहिलंही गेलं, दुसरंही गेलं. हेडसर माझ्या कानाशी आले, "बाई, सुरू करा, साहेबांना पुढं तीन कार्यक्रम आहेत." कार्यक्रमपत्रिकेत पहिलं राज्यगीत होतं. मी माईकवर म्हटलं, "आता राज्यगीत होईल. सर्वांनी कृपया सावधान स्थितीत उभे राहावे."

सगळे उभे राहिले. मंत्री ताठ, हात मांडीला. अध्यक्ष, हेडसर, पीए, सगळे ताठ. डॉल्बीवाल्यानं मोबाईलवर बोट दाबलं, आणि काही नाही. वायर कुठंतरी सुटली होती. तो वाकून पेट्यांच्या मागं शिरला.

तिकडं नेमकं त्याच वेळी आमचा शिपाई धावत फाटकात पोचला आणि मास्तरांना म्हणाला, "साहेब कवाच आलं, स्टेजवर बसल्यात." मास्तरांनी एक क्षण विचार केला असेल. पहिलं गाडीचं, दुसरं चालायचं. पाहुणा बसलाय म्हटल्यावर? त्यांनी पोरांना स्टेजकडं तोंड करून उभं केलं आणि तीन बोटं दाखवली.

इकडं मैदानावर आवाज आला. ड्रम नाहीत. नुसत्या बासऱ्या, आणि त्यांच्या खालून एक ट्रम्पेट. संथ. मंत्र्यांनी छाती आणखी पुढं काढली. समोर दीडशे मोबाईल शूटिंग करत होते. राज्यगीताला हललेल्या पुढाऱ्याचा व्हिडिओ संध्याकाळपर्यंत जिल्हाभर फिरतो, हे स्टेजवरच्या प्रत्येकाला माहीत होतं. चाल ओळखीची वाटत नसणार कुणालाच, पण बँडवर वाजलेलं ओळखीचं वाटतं कुणाला? शेजारचा उभा आहे म्हणून प्रत्येक जण उभा. पीएचा घड्याळाचा हात मांडीला चिकटलेला.

आणि मी? मी खरं लिहिते. मलाही ते राज्यगीतच वाटलं. डॉल्बी बंद पडली म्हणून हेडसरांनी बँडला सांगितलं असेल, असं मी धरून चालले. सव्वीस वर्षं ज्या माणसाच्या बँडसमोर हात वर करायची ती मी, आणि त्याचं तिसरं कडवं मला ओळखता आलं नाही. मी ते कधी ऐकलंच नव्हतं. खिडक्या लावल्या होत्या ना. मी सावधान उभी होते, समोरच्या मंडपाच्या झालरीकडं बघत, आणि मनात रात्रीला आमटी टाकावी की पिठलं हे चाललं होतं. सूर चांगला होता का, हे मला आज सांगता येत नाही.

कडवं पुरं झालं. शेवटी एकदाच सगळे ड्रम मिळून वाजले आणि स्वच्छ थांबले. मंत्र्यांनी घोषणा दिली, सगळे बसले. बसतायत न बसतायत तोच डॉल्बीवाल्याला वायर सापडली आणि भिंतीएवढ्या पेट्यांतून खरं राज्यगीत सुरू झालं. मंत्री अर्धवट टेकलेले तसेच परत उठले. खुर्च्यांचा एकच खडखडाट. मंत्री ओठ न हलवता हेडसरांना म्हणाले, "मग मघाचं काय होतं?" हेडसरांनी माझ्याकडं बघितलं. तेव्हा मला कळलं की मघाचं काय होतं.

कार्यक्रम झाल्यावर हेडसर मास्तरांवर आगपाखड करत होते, पण दोन महिन्यांसाठी कागद कोण रंगवणार, म्हणून तोंडीच. मास्तर ऐकून घेऊन बाहेर आले. मी व्हरांड्यात होते. ते हसत होते. त्यांचे सगळे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितले. "साहेबास्नी दोनदा उभं केलं की वो बाई," म्हणाले. "राज्यगीत समजून उभं ऱ्हायले, मला काय कळत न्हाय व्हय? पर पोरांनी तिसरं वाजवलं. पुरं." मी म्हटलं, "हो मास्तर." दोन महिन्यांनी ते रिटायर झाले. निरोपाला शाल-नारळ दिला, मीच सूत्रसंचालन केलं. बँडची खोली आता स्टोअररूम आहे. त्यानंतर वर्षानं मीही निघाले.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी मी कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत भाजी घेत होते. मागून हाक आली, "बाई." मास्तर. अंगानं निम्मे झालेले, शर्टाचं वरचं बटण लावलेलं पण कॉलरमध्ये मान सैल. छातीचं दुखणं निघालंय, फुंकायला डॉक्टरांनी बंदी केलीय, असं त्यांनीच सांगितलं, दुसऱ्याचं सांगावं तसं. बरोबर त्यांच्या मंडळी होत्या. मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. मास्तरांनी पिशवी खाली ठेवली आणि त्यांना म्हणाले, "ह्या त्या बाई."

मंडळींच्या तोंडावर एकदम ओळख पटल्यासारखं झालं. पुढं होऊन त्यांनी माझा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. "आपनेच हाथ ऊपर नहीं किया ना उस दिन?" म्हणाल्या. "ये घर में रोज बोलते."

मी मास्तरांकडं बघितलं. ते बायकोलाच सांगत होते, पण माझ्यासाठी मराठीत. "साहेबाला कळलं न्हाय, हेडसरला कळलं न्हाय. सगळं स्टेज खुळं. पर ह्येनला कळलं हुतं. सव्वीस वर्सं ऐकत हुत्या ह्या. एक हात वर केला असता तर मी थांबवलं असतं की. न्हाय केला. माझं तिसरं पुरं केलं ह्येनी."

माझा हात अजून मास्तरांच्या मंडळींच्या हातातच होता. मला कित्येक वर्षांत काही झालं नव्हतं, ते तिथं, मेथीच्या ढिगापाशी, झालं. खरं काय ते सांगून टाकावं असं एकदा तोंडापर्यंत आलं. मास्तर माझ्या तोंडाकडं बघत होते, पूर्वी हाताकडं बघायचे तसे, पुढं जायचं की थांबायचं ते विचारत.

"मुद्दामच न्हाय केला, मास्तर," मी म्हटलं. "ऐकायचं होतं मला."

"देख," ते बायकोला म्हणाले, "बोल्या था ना मैं?" आणि पिशवी उचलून दोघं रिक्षाच्या स्टॉपकडं चालायला लागले.